डाळीतले लोह आणि उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के

१९८४ साली अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातून एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. शॉन लिंच, जेम्स कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीन, काळा घेवडा, मसूर, मूग आणि वाटाण्याची डाळ ही पाच कडधान्ये शिजवून स्वयंसेवकांना खाऊ घातली आणि त्यांतील लोहाचा किती अंश रक्तात उतरतो, हे मोजले. पाचही कडधान्यांची सरासरी ०.८४ ते १.९१ टक्के या पट्ट्यात आली. वाटीतल्या लोहाच्या शंभर अणूंपैकी फार तर दोन अणू शरीराने आपलेसे केले. उरलेले अठ्ठ्याण्णव आतड्यातून पुढे निघून गेले.

अमेरिकेत हा आकडा एक तांत्रिक नोंद म्हणून वाचला गेला असेल. भारतात त्याचा अर्थ निराळा होतो. पंजाबचा राजमा, बंगालची मसूर, तमिळनाडूचे सांबार, महाराष्ट्राची मटकीची उसळ. मांस क्वचितच परवडणाऱ्या किंवा मुळीच न खाणाऱ्या कोट्यवधी घरांत धान्याच्या जोडीला लोह पुरवणारा मोठा आधार म्हणजे डाळ. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३ टक्के होते. पन्नास वर्षे गोळ्या वाटूनही आकडा खाली येण्याऐवजी वर सरकला.

सगळाच रक्तक्षय लोहाअभावी होत नाही, हेही याच देशात प्रथम ठळकपणे दिसले होते. १९२८ पासून मुंबईत काम करणाऱ्या ल्युसी विल्स यांनी गिरणीकामगार वस्तीतील गरोदर स्त्रियांचा एक रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा करून दाखवला. त्या अर्कातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला, आणि कडधान्यांत तो भरपूर असतो. तरीही लोहाची उणीव हे रक्तक्षयाचे एक प्रमुख कारण आहेच. म्हणून डाळीतल्या लोहाचे नेमके काय होते, या प्रश्नाचा इतिहास पाहण्याजोगा आहे. कोणत्याही काळातील शास्त्रज्ञाला आपल्या हातातील उपकरणाला दिसेल तेवढेच लोह दिसले. उपकरण बदलले, की आधी न दिसलेला भाग उजेडात आला. अठ्ठ्याण्णव टक्क्यांची पाळी मात्र फार उशिरा आली.

पहिले उपकरण म्हणजे तक्ता. निलगिरीतील कुन्नूर येथे पोषणसंशोधनाची प्रयोगशाळा चालवणाऱ्या डब्ल्यू. आर. आयक्रॉइड यांनी १९३७ साली भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका प्रसिद्ध केली. पदार्थ जाळायचा, राखेतील लोह रासायनिक पद्धतीने मोजायचे आणि रकान्यात आकडा लिहायचा, अशी रीत. या रीतीत धान्याला चिकटलेल्या मातीतील लोहही धान्याच्या नावावर जमा होण्याची शक्यता असे. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाऊ लागली. तिने २०१७ साली नव्याने काढलेल्या तक्त्यांत अनेक पदार्थांचे लोह जुन्या आकड्यांपेक्षा कमी भरले. तरीही कडधान्यांचा रकाना समाधानकारकच दिसतो. शंभर ग्रॅम मसूरडाळीत सुमारे ७ मिलिग्रॅम लोह असते. तक्ता खोटे बोलत नाही. दाण्यात काय आहे ते तो सांगतो. दाणा खाणाऱ्याला काय मिळते, हा प्रश्न त्याला विचारलेलाच नसतो.

तो प्रश्न ज्यांनी विचारला त्यांत रॉबर्ट मॅकन्स आणि एल्सी विडोसन ही इंग्लंडमधील जोडी अग्रभागी होती. त्या काळची समजूत अशी, की जास्तीचे लोह शरीर आतड्यावाटे बाहेर टाकते. या दोघांनी स्वतःच्या व सहकाऱ्यांच्या शिरांत लोहाची इंजेक्शने घेतली आणि शरीरातून बाहेर पडणाऱ्या सगळ्याचे दिवसेंदिवस रासायनिक विश्लेषण केले. टोचलेले लोह बाहेर पडेना. १९३७ साली त्यांनी निष्कर्ष मांडला: जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीरात जवळजवळ नाही, त्यामुळे सारे नियंत्रण आत घेण्याच्या दारावरच असले पाहिजे. घरात आलेला पाहुणा परत जात नाही म्हटल्यावर उंबरठ्यावर चौकशी कडक होणारच. हे दार यकृतातील एका संप्रेरकाच्या हुकमाने उघडते-मिटते, हे कळायला एकविसावे शतक उजाडावे लागले. त्या संप्रेरकाचे नाव हेप्सिडिन.

महायुद्धात इंग्लंडमध्ये गव्हाची टंचाई झाली, तेव्हा कोंड्यासकट दळलेल्या पिठाचा पाव सक्तीचा करण्याचा विचार पुढे आला. कोंड्यात लोह अधिक, म्हणजे लोकांना लोहही अधिक मिळेल, असा सरळ हिशेब होता. मॅकन्स-विडोसन यांनी माणसांना आलटूनपालटून पांढरा आणि तपकिरी पाव खाऊ घालून पाहिले. १९४२ मध्ये जाहीर झालेला निकाल हिशेबाच्या उलटा होता. तपकिरी पावात लोह जास्त असूनही शरीरात कमी उतरत होते. पुढल्याच वर्षी त्यांनी अडवणूक करणारा पदार्थही दाखवून दिला. तो म्हणजे फायटिक आम्ल.

हे आम्ल बियांचा फॉस्फरसचा साठा आहे. इनोसिटॉल नावाच्या सहा कार्बनी कड्याला सहा फॉस्फेट गट जोडलेले असतात. या गटांवरील ऋण भारांमुळे लोह, जस्त, कॅल्शियम असे धन भाराचे आयन त्याला घट्ट बिलगतात. बीजाच्या दृष्टीने ही तिजोरी आहे. कोंब फुटताना फायटेज हे विकर तयार होते, कडे मोकळे करते, आणि फॉस्फरस व धातू रोपाला मिळतात. माणसाच्या लहान आतड्यात असे विकर नगण्य असल्याने तिजोरी बंदच राहते. गव्हात हा साठा कोंड्यात असतो, म्हणून तो चाळून टाकता येतो. कडधान्यांत तो डाळिंबीतच असतो. साल काढून डाळ केली तरी तो जात नाही.

मॅकन्स-विडोसन यांची पद्धत वजाबाकीची होती. खाल्लेल्यातून बाहेर पडलेले वजा करायचे. शोषण एक-दोन टक्के असेल, तर दोन मोठ्या आणि जवळजवळ सारख्या संख्यांच्या फरकात ते शोधावे लागे, आणि मोजणीतली किरकोळ चूकही त्याहून मोठी ठरे. ही अडचण सोडवली ती अणुभौतिकीने. १९३० च्या दशकाच्या अखेरीस बर्कले येथील अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनमध्ये किरणोत्सारी लोह तयार होऊ लागले, आणि लॉरेन्स यांनी ते रॉचेस्टरच्या जॉर्ज व्हिपल यांच्या गटाला पुरवले. व्हिपल यांना रक्तक्षयावरील कामासाठी १९३४ चे नोबेल मिळाले होते. पॉल हान आणि व्हिपल यांनी हे लोह कुत्र्यांना खाऊ घातले. रक्तक्षय झालेल्या कुत्र्यांच्या रक्तात खूण केलेले लोह भराभर आले. धडधाकट कुत्र्यांच्या रक्तात नावापुरते. मॅकन्स-विडोसन यांनी तर्काने सांगितलेला उंबरठा आता गणकयंत्राच्या टिकटिकीतून ऐकू येत होता.

भौतिकीच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे, इतकी ही पद्धत देखणी आहे. लोहाची दोन किरणोत्सारी समस्थानिके कामी येतात. लोह-५९ चे अर्धायुष्य सुमारे ४४ दिवसांचे, आणि ते १ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टहून थोड्या अधिक ऊर्जेचे गॅमा किरण देते. लोह-५५ चे अर्धायुष्य सुमारे २.७ वर्षांचे, आणि त्यापासून अवघ्या ५.९ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्षीण क्ष-किरण निघतात. दोन्हींची ऊर्जा इतकी भिन्न, की एकाच रक्ताच्या नमुन्यात ती वेगवेगळी मोजता येतात. एकाच माणसाला आज एका खुणेचे आणि उद्या दुसऱ्या खुणेचे जेवण द्यायचे, दोनेक आठवड्यांनी दंडातून रक्त घ्यायचे आणि कोणत्या जेवणातले लोह तांबड्या पेशींत शिरले ते वाचायचे. माणसामाणसांतला फरक आपोआप बाजूला पडतो.

व्हेनेझुएलातील मिगेल लायरिस यांनी या युक्तीला शेताची जोड दिली. तिथल्या गरिबांचे अन्न म्हणजे काळा घेवडा आणि मका. मातीऐवजी पोषकद्रव्यांच्या पाण्यात रोपे वाढवून त्यांनी किरणोत्सारी लोह मुळांवाटे थेट दाण्यांतच भरले. १९६८-६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत काळ्या घेवड्याचे लोह फारच थोडे शोषले गेले. मात्र त्याच घेवड्याबरोबर मासा किंवा मांस खाल्ले, की शोषण वाढले. पुढे १९७२ साली लक्षात आले, की दाण्याच्या आत खूण भरण्याची गरजच नाही. वनस्पतिजन्य लोह जठरात एकाच साठ्यात मिसळते, म्हणून शिजलेल्या अन्नात चिमूटभर किरणोत्सारी लोहक्षार मिसळला तरी तेच उत्तर येते. प्रयोग सोपा झाला आणि जगभर पसरला. लिंच-कुक यांची १९८४ ची मोजणी याच परंपरेतली.

सोपा झालेला प्रयोग कोणावर केला गेला, हेही या इतिहासात नोंदले पाहिजे. १९६९ साली इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरात भारतीय उपखंडातून स्थलांतरित झालेल्या २१ स्त्रियांच्या घरी लोह-५९ मिसळलेल्या चपात्या पोहोचवल्या गेल्या. या समाजातील स्त्रियांमध्ये लोहाची उणीव का आढळते, ते शोधणे हा उद्देश होता. मागाहून या स्त्रियांना हार्वेल येथील अणुसंशोधन केंद्रात नेऊन त्यांच्या शरीरातील किरणोत्सार मोजला गेला. त्यांतील अनेकींना इंग्रजी नीट येत नव्हते. १९९५ मध्ये एका दूरचित्रवाणी माहितीपटाने हे प्रकरण उघड केले, तेव्हा आपण काय खात होतो हे आपल्याला समजावून सांगितलेच नव्हते, अशी तक्रार पुढे आली. ज्या परिषदेच्या निधीतून हे संशोधन झाले होते, तिने नेमलेल्या चौकशीचा अहवाल १९९८ साली आला. २०२३ मध्ये कॉव्हेंट्रीच्या खासदाराने पुन्हा चौकशीची मागणी केली. किरणांचा डोस अल्प होता, हा युक्तिवाद बरोबर असेल. संमतीचा प्रश्न त्याने मिटत नाही. मॅकन्स आणि विडोसन यांनी सुई आधी स्वतःला टोचून घेतली होती.

किरणोत्सारी लोह महाग, आणि ते माणसांना देणे जोखमीचे. हैदराबादेत बी. एस. नरसिंग राव आणि टी. प्रभावती यांनी १९७८ साली निराळी वाट काढली. काचपात्रात पेप्सिन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घेऊन अन्न १.३५ इतक्या आम्लतेला, म्हणजे जठरासारख्या स्थितीत, पचवायचे. मग पीएच ७.५ पर्यंत चढवून, म्हणजे आतड्यासारखी स्थिती आणून, द्रावणात मोकळे राहिलेले आयनरूप लोह मोजायचे. हा आकडा माणसांतील शोषणाशी चांगला जुळतो, असे त्यांना दिसले. पोळी-भात-डाळीच्या जेवणांची छाननी आता साध्या प्रयोगशाळेतही शक्य झाली. या आणि नंतरच्या कामातून स्वयंपाकघरातील पुष्कळ रीतींना पाठबळ मिळाले. मूग-मटकीला मोड आले, की दाण्याचे स्वतःचे फायटेज जागे होऊन तिजोरीचे कुलूप सैल होते आणि क जीवनसत्त्वही तयार होते. इडलीचे पीठ आंबताना जिवाणू आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लतेत फायटेज जोमाने चालते. उसळीवर लिंबू पिळले, तर क जीवनसत्त्व लोहाला विद्राव्य रूपात धरून ठेवते. उलट जेवणाबरोबर घेतलेला चहा टॅनिनमुळे शोषण घटवतो, हे दक्षिण आफ्रिकेतील प्रयोगांनी १९७५ मध्येच दाखवले होते.

हैदराबादच्या काचपात्रात मात्र जठर होते, लहान आतडे होते, आणि गोष्ट तिथेच संपत होती. लोह शोषले जाते ते मुख्यतः लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, त्यामुळे तिथवरच पाहणे स्वाभाविक होते. पण शेंगवर्गीय वनस्पतीची कहाणी जिवाणूंना वगळून पुरी होत नाही. या नात्याची सुरुवात शेतातच होते. भुईमुगाचे किंवा सोयाबीनचे रोप उपटून मुळावरची गाठ नखाने फोडली, तर आत लालसर गुलाबी रंग दिसतो. तो रंग हिमोग्लोबिनच्या भावंडाचा आहे. हिदेओ कुबो या जपानी शास्त्रज्ञाने १९३९ साली ते लोहयुक्त प्रथिन ओळखले. गाठीतील जिवाणू हवेतील नायट्रोजन बांधतात. त्यांच्या विकराला प्राणवायूचा अपाय होऊ नये म्हणून वनस्पती लोह खर्चून हे प्रथिन घडवते. लोहाच्या मोबदल्यात जिवाणूंकडून काम करून घेणे कडधान्यांना कोट्यवधी वर्षांपासून साधले आहे.

आपल्या आतड्यातील जिवाणूंकडे मात्र विज्ञानाचे लक्ष वेधले ते कडधान्यांच्या एका बदनाम गुणाने. घेवडा, हरभरा, वाल वातूळ, हे घरोघरी ठाऊक असते. त्यांत रॅफिनोज, स्टॅकिओज, व्हर्बॅस्कोज या जातीच्या साखरा असतात. त्यांचा विशिष्ट बंध तोडणारे विकर माणसाच्या आतड्यात नसल्याने त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात, आणि तिथले जिवाणू त्या आंबवून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड सोडतात. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या बंद यानात हा वायू चिंतेचा विषय ठरला. बर्कलेतील डोरिस कॅलोवे यांनी श्वासातून बाहेर पडणारा हायड्रोजन मोजून कोणते अन्न किती वायू करते, याचा पद्धतशीर अभ्यास केला. विनोदाचा विषय असलेल्या या वायूबरोबरच तेथे ॲसिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक अशी लहान साखळीची आम्लेही तयार होतात. ब्युटिरेट हे तर मोठ्या आतड्याच्या अस्तरपेशींचे मुख्य इंधन. आम्लांमुळे तेथील पीएच उतरतो आणि लोह विरघळलेले राहायला मदत होते. मोठे आतडेही थोडे लोह शोषते. लहान आतड्याच्या मानाने किरकोळ, पण शून्य नव्हे. शिवाय तेथील कित्येक जिवाणूंपाशी फायटेज असते. जी तिजोरी आपल्याला उघडता येत नाही, तिची किल्ली त्यांच्याकडे आहे.

जिवाणू नसतील तर काय होईल? अमेरिकेतील नोत्र दाम विद्यापीठात संपूर्ण जंतुविरहित उंदीर वाढवण्याची सोय होती. बंडारू रेड्डी व सहकाऱ्यांनी १९७२ साली असे उंदीर आणि साधे उंदीर एकाच आहारावर ठेवून पाहिले. जंतुविरहित उंदरांनी लोह अधिक गमावले. जिवाणू लोह टिकवायला मदत करतात, असा त्याचा अर्थ लावता येत होता. हा निबंध पोषणशास्त्राच्या नामांकित नियतकालिकात छापून आला आणि पुढली कित्येक वर्षे जवळपास विस्मरणात गेला. लोहाच्या अभ्यासकांचे रक्ताशी चालले होते, जिवाणूंच्या अभ्यासकांचे रोगांशी. मधल्या प्रदेशाला वाली नव्हता.

दुसऱ्या बाजूला वैद्यकाला एक अप्रिय गोष्ट कळत होती. लोह जिवाणूंनाही हवे असते. ई. कोलाय आणि त्याचे भाऊबंद लोह खेचून आणण्यासाठी एंटेरोबॅक्टिन नावाचा रेणू बाहेर फेकतात. तो १९७० मध्ये सापडला. याउलट दह्या-लोणच्यांतील लॅक्टोबॅसिलस गटातले काही जिवाणू लोहावाचून जगतात. त्यांतल्या एका जातीचे काम लोहाऐवजी मँगनीजवर भागते, हे १९८३ मध्ये दाखवले गेले. मग मोठ्या आतड्यात न शोषलेले मोकळे लोह ओतले, तर कोणाचे फावेल? मायकेल झिमरमान यांच्या गटाने कोत दिव्हार देशातील शाळकरी मुलांना सहा महिने लोहयुक्त बिस्किटे देऊन २०१० साली उत्तर प्रसिद्ध केले. आतड्यात एंटेरोबॅक्टेरिया वाढले, लॅक्टोबॅसिलस घटले आणि आतड्याच्या दाहाची खूण असलेले प्रथिन वाढले. ज्या भागात पाणी अशुद्ध आणि संसर्ग नित्याचे, तेथे ही बाब क्षुल्लक म्हणता येत नाही. वाटीतले ‘वाया’ जाणारे लोह वाया जात नव्हते. ते कोणीतरी खात होते.

केनियातील तान्ह्या मुलांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी याच चित्राची दुसरी बाजू दाखवली. लोहाच्या पुडीत गॅलॅक्टोओलिगोसॅकराइड ही जिवाणूंनाच पचणारी साखर मिसळली, तेव्हा लोहाचे दुष्परिणाम कमी झाले आणि शोषणही वाढले. ही साखर दुधातील लॅक्टोजपासून बनवलेली होती. घेवड्यातील रॅफिनोज-स्टॅकिओज तिच्या दूरच्या नात्यातली, बंध वेगळ्या दिशेचा. त्यामुळे एकीचा निकाल दुसरीला सरसकट लावता येणार नाही. तरी न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथे रेमंड ग्लान आणि एलाड टाको यांनी कोंबडीच्या पिल्लांना घेवडा घालून केलेल्या प्रयोगमालिकेत अशाच दिशेच्या खुणा दिसल्या आहेत. लोहसमृद्ध घेवड्याने पिल्लांच्या आतड्यातील जिवाणूंची घडण बदलली आणि लोहस्थितीही सुधारली. कोंबडीचे आतडे माणसाचे नव्हे, हे अर्थातच विसरता कामा नये.

२०२० साली मिशिगन विद्यापीठातील नुपूर दास, यात्रिक शाह व सहकाऱ्यांनी या गुंत्याला आणखी एक पीळ दिला. लोह कमी पडले, की आतड्याच्या पेशीतील एचआयएफ-२-अल्फा हे प्रथिन शोषणाची यंत्रणा चालू करते. या गटाने दाखवले, की आतड्यातील काही जिवाणूंचे पदार्थ, विशेषतः लॅक्टोबॅसिलस गटातल्या जिवाणूंचे रॉयटेरिन, याच प्रथिनाला दाबून ठेवतात. जिवाणू कमी केलेल्या उंदरांना लोहाची टंचाई त्यामुळे अधिक सोसता आली. १९७२ चे उंदीर सांगतात, जिवाणू लोह राखतात. २०२० चे सांगतात, जिवाणू यजमानाचा हात आखडतात. दोन्ही निष्कर्ष परस्परविरोधी भासतात खरे, पण एकात एकूण हिशेब पाहिला आहे आणि दुसऱ्यात टंचाईच्या वेळचे नियंत्रण. शिवाय ‘चांगले जिवाणू’ आणि ‘वाईट जिवाणू’ ही जाहिरातीतली वाटणी प्रयोगशाळेत टिकत नाही. दाहाच्या प्रसंगी हवाहवासा वाटणारा लॅक्टोबॅसिलस लोहाच्या वाटपात स्वतःचा स्वार्थ पाहतो.

खलनायक म्हणून ज्याला सत्तर वर्षे धरले गेले, त्या फायटिक आम्लाचीही अशीच फेरतपासणी करावी लागली. रवांडात घेवडा हे रोजचे अन्न. तेथे निवडपद्धतीने तयार केलेला लोहसमृद्ध घेवडा तरुण विद्यार्थिनींना १२८ दिवस रोज दोन वेळा दिला गेला. २०१६ साली निकाल आला: किलोमागे ८६ मिलिग्रॅम लोह असलेला घेवडा खाणाऱ्यांचे हिमोग्लोबिन, ५० मिलिग्रॅमवाला साधा घेवडा खाणाऱ्यांपेक्षा लिटरमागे ३.८ ग्रॅमने अधिक वाढले. वाढ लहान, पण खरी. मात्र लोहसमृद्ध वाणांत बहुधा फायटिक आम्लही वाढलेले असते, म्हणून ते आम्लच काढून टाकावे, असा विचार झाला. फायटिक आम्ल अगदी कमी असलेला घेवडा निपजवला गेला आणि तो रवांडातील स्त्रियांना देण्यात आला. शोषण लोहसमृद्ध घेवड्याइतकेच आले, त्याहून बरे नाही, आणि अनेकींना पोटाचा त्रास झाला. त्या दाण्यात न शिजता उरलेल्या लेक्टिन या प्रथिनाकडे संशय गेला. फायटिक आम्ल घटल्याने दाण्याचे शिजण्याचे गुणधर्मही बदलले होते.

भारतात १९७० साली राष्ट्रीय पोषणजन्य रक्तक्षय प्रतिबंध कार्यक्रम सुरू झाला तेव्हा गरोदर स्त्रीच्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह होते. आजही मोजमाप गोळीतील मिलिग्रॅमचेच आहे. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी लाल किल्ल्यावरून सरकारी योजनांतील तांदूळ लोहयुक्त करण्याची घोषणा झाली. त्याच्या मानकात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह घालण्याची तरतूद आहे. या धोरणावर देशातल्या पोषणतज्ज्ञांमध्ये उघड मतभेद आहेत. एक बाजू म्हणते, उणीव इतकी खोल आहे की थांबायला सवड नाही. दुसरी म्हणते, गोळी, तांदूळ, मीठ यांची थर चढत जाणारी बेरीज कोणीच करत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रजननवयातील स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. हा आकडा इतका मोठा येतो, याचे कारण आहारातील फार थोडे लोह शोषले जाईल हे त्यात आधीच धरलेले आहे. शिफारस पाळली गेली, तर बहुतांश लोह रोज मोठ्या आतड्याकडे रवाना होणार, हे त्या हिशेबातच लिहिलेले आहे.

गोळी-तांदळाबरोबर तिसरी वाट बियाण्याची. कानपूरच्या भारतीय कडधान्य संशोधन संस्थेने विकसित केलेला आयपीएल २२० हा मसुराचा वाण २०१८ पासून पूर्व उत्तर प्रदेश, बिहार, झारखंड, आसाम आणि पश्चिम बंगालसाठी उपलब्ध आहे. प्रचलित वाणांत किलोमागे ४५ ते ५० मिलिग्रॅम लोह, याच्यात ७३. शेतकऱ्याला दिल्या जाणाऱ्या माहितीत लोह, जस्त, हेक्टरी उत्पादन आणि पक्व होण्याचे दिवस हे रकाने आहेत. मसूर भिजवून, मोड आणून, लिंबू पिळून खाल्ली की आयक्रॉइड यांच्या तक्त्यातला आकडा हैदराबादच्या काचपात्रातल्या आकड्याच्या जरा जवळ सरकतो. त्यापुढचा टप्पा, म्हणजे झारखंडातील एखाद्या मुलीच्या मोठ्या आतड्यात या दाण्यातल्या साखरा, फायटेट आणि न शोषलेले लोह एकत्र पोहोचल्यावर तिथले जिवाणू काय करतात, हे मोजायला आता किरणोत्सार लागत नाही. लोह-५७ आणि लोह-५८ ही स्थिर, निरुपद्रवी समस्थानिके आहेत, वस्तुमान-वर्णपटमापक आहेत, जिवाणूंच्या डीएनएचे क्रम वाचणारी यंत्रे देशात ठिकठिकाणी आहेत. लागते ती तिला कळेल अशा भाषेत घेतलेली संमती, आणि रक्ताच्या नळीबरोबर विष्ठेची डबीही जपून ठेवण्याची तयारी.